ब्रिटन, लिबिया आणि बंद झालेली वकिलात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांच्या वर्गात राजनैतिक प्रतिनिधित्व हा विषय आला की मी फळ्यावर व्याख्या लिहीत नाही. लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमधल्या ५ नंबरच्या इमारतीची, म्हणजे तिथल्या जुन्या लिबियन दूतावासाची गोष्ट सांगते. राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणाऱ्या व्हिएन्ना कराराची निम्मी कलमं त्या एका इमारतीत भेटतात. गोष्ट संपली की हात वर होतात, आणि दरवर्षी साधारण हेच प्रश्न येतात. काही प्रश्न मुलांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

मॅडम, दूतावास म्हणजे परक्या देशाच्या जमिनीचा तुकडाच ना?

नाही. हा गैरसमज सिनेमांनी पसरवलाय. दूतावासाखालची जमीन यजमान देशाचीच असते आणि तिथे कायदाही त्याचाच चालतो. लंडनच्या दूतावासात कोणी कोणाचा खून केला, तर तो लंडनमध्ये झालेला खून. फरक एवढाच की दूतावासाच्या प्रमुखाने ‘या’ म्हटल्याशिवाय पोलिसाला उंबरठा ओलांडता येत नाही (कलम २२), आणि राजनैतिक अधिकाऱ्याला अटकही करता येत नाही (कलम २९). जमीन तुमची, पण दार त्यांचं.

ही कलमं १८ एप्रिल १९६१ च्या व्हिएन्ना करारातली. करार १९६४ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी ब्रिटनने तो आपल्या कायद्यात घेतला.

लिबियाचा राजदूत असतो, मग नायजेरियाचा उच्चायुक्त का?

नायजेरिया राष्ट्रकुलात आहे, लिबिया नाही. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात. काम आणि दर्जा राजदूताचाच, पाटी वेगळी.

जाता जाता सांगते, जुन्या मराठीत दूतावासाला ‘वकिलात’ म्हणत आणि वर्तमानपत्रांत हा शब्द अजून अधूनमधून दिसतो. पेशव्यांचे ‘वकील’ दरबारादरबारांत बसत, ते कोर्टात भांडणारे नव्हेत. मला स्वतःला ‘दूतावास’पेक्षा ‘वकिलात’ जास्त आवडतो. आपल्या धन्याची बाजू परक्या दारात मांडणारा माणूस त्यात दिसतो.

लिबियाच्या लंडनमधल्या दूतावासाला ‘पीपल्स ब्युरो’ का म्हणायचे?

कर्नल गद्दाफी १ सप्टेंबर १९६९ ला राजे इद्रिस यांना हटवून सत्तेवर आला. १९७७ मध्ये त्याने देशाचं नाव ‘जमाहिरिया’ केलं, म्हणजे जनतेचं राज्य. जनतेच्या राज्याला राजदूत कसा चालेल? मग १९७९ मध्ये परदेशांतल्या लिबियन दूतावासांचा ताबा तिथल्याच समर्थकांच्या समित्यांनी घेतला आणि पाटी बदलून ‘पीपल्स ब्युरो’ झाली. राजदूताच्या जागी ‘सचिव’ आला.

हे नुसतं नाव बदलणं नव्हतं. दूतावासाचा प्रमुख कोण, कर्मचारी कोण, नुसता आत बसलेला कोण, हे यजमान देशाला कळवावं लागतं. ती साखळी इथून सैल होत गेली. फेब्रुवारी १९८४ मध्ये लंडनच्या ब्युरोचा ताबा गद्दाफीनिष्ठ विद्यार्थ्यांनी घेतला, तेव्हा आत कोणाचं चालतं हे ब्रिटिश परराष्ट्र खात्यालाही धड ठाऊक नव्हतं.

१७ एप्रिल १९८४ ला नक्की काय झालं?

आदल्या दिवशी लिबियाच्या राजधानीत, ट्रिपोलीच्या विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना जाहीर फाशी दिली गेली. त्याच्या निषेधार्थ गद्दाफीविरोधी लिबियन मंडळींनी लंडनमध्ये ब्युरोसमोर निदर्शनं ठरवली. जमले साधारण ७५ जण. बरेचसे तोंड झाकून आले होते, कारण मायदेशी घरची माणसं होती.

निदर्शनं होऊ दिलीत तर परिणामांना आम्ही जबाबदार नाही, असा इशारा लिबियाकडून आदल्या रात्रीच आला होता. लंडनमध्येही आणि ट्रिपोलीत ब्रिटिश राजदूत ऑलिव्हर माइल्स यांच्याकडेही. सकाळी पोलिसांनी लोखंडी कठडे लावायला घेतले, तेव्हा ब्युरोतल्या दोघांनी हुज्जत घातली म्हणून त्यांना अटक झाली. एका बाजूला विरोधक, दुसऱ्या बाजूला गद्दाफीचे समर्थक, दोन्हीकडून घोषणा आणि मधल्या रस्त्यावर पोलीस.

१० वाजून १८ मिनिटांनी पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून स्वयंचलित बंदुका सुरू झाल्या. अकरा निदर्शक जखमी झाले. निदर्शकांकडे तोंड आणि इमारतीकडे पाठ करून उभ्या असलेल्या २५ वर्षांच्या पोलीस शिपाई इव्हॉन फ्लेचर यांच्या पाठीत गोळी लागली. त्यांचा वाग्दत्त वर, तोही पोलीसच, तिथेच ड्युटीवर होता. इस्पितळात नेल्यावर थोड्याच वेळात त्या गेल्या.

चौक रिकामा केला गेला. इव्हॉन यांची टोपी आणि सहकाऱ्यांची चार हेल्मेटं रस्त्यावर तशीच पडून राहिली. उचलायला जायचं तर खिडक्यांच्या टप्प्यात जावं लागत होतं. पुढचे अकरा दिवस वेढा चालला आणि टीव्हीच्या बातम्यांत रोज मोकळ्या डांबरावरची ती टोपी दिसत राहिली.

आतून गोळ्या झाडल्या, बाई मेली, तरी पोलीस आत घुसले का नाहीत?

हा प्रश्न विचारताना मुलांचा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. उत्तर दोन पदरांचं आहे.

पहिला पदर कायद्याचा. कलम २२ ला अपवाद नाही. करार घडत असताना आग लागली किंवा तसंच काही संकट आलं तर आत शिरण्याची मुभा असावी, अशी चर्चा झाली होती. ती मुद्दाम वगळली, कारण एकदा अपवाद लिहिला की ‘संकट’ म्हणजे काय हे यजमानच ठरवणार. तेहरानच्या अमेरिकी दूतावासातल्या माणसांना ओलीस धरल्याच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मे १९८० मध्ये हेच बजावलं होतं: राजनैतिक कायद्याच्या गैरवापरावरचे उपाय त्याच कायद्यात आहेत. अधिकाऱ्याला हाकला, नाहीतर संबंध तोडा. याखेरीज तिसरा उपाय स्वतःच्या मनाने शोधू नका. तेव्हा इराणला हे ऐकवलं जात असताना पश्चिमेकडचे देश माना डोलवत होते. चारच वर्षांनी तोच नियम लंडनच्या पायात आला.

दुसरा पदर ट्रिपोलीचा. गोळीबार झाला त्याच दिवशी तिथल्या ब्रिटिश दूतावासाला सशस्त्र लोकांनी वेढा घातला. आत अधिकारी होते आणि लिबियात तेलाच्या कामावर, शाळांत, इस्पितळांत हजारो ब्रिटिश माणसं होती. लंडनमध्ये दार तोडलं असतं तर ट्रिपोलीत काय तुटलं असतं, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. पंतप्रधान मार्गारेट थॅचर पोर्तुगालच्या दौऱ्यावर आणि परराष्ट्रमंत्री जेफ्री हाऊ चीनमध्ये होते. प्रसंग गृहमंत्री लिऑन ब्रिटन यांच्या गळ्यात पडला होता.

माझं मत विचाराल तर, सभ्यता म्हणून नियम पाळले असं म्हणणं जरा भाबडेपणाचं होईल. आपलीही माणसं त्यांच्या दारात उभी होती, म्हणून नियम पाळले गेले. परस्परता हा शब्द पुस्तकात कोरडा वाटतो; त्याचा अर्थ त्या अकरा दिवसांत कळतो.

आत होते त्या सगळ्यांनाच इम्युनिटी होती का?

नव्हती. राजनैतिक अधिकाऱ्याला फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण असतं. कार्यालयीन आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांनाही फौजदारीत तसंच असतं. पण नुसत्या विद्यार्थ्याला किंवा पाहुण्याला काहीच नसतं. पंचाईत अशी की इमारतीला संरक्षण असेपर्यंत आत कोण कोण आहे आणि गोळी कोणी झाडली, हे बाहेरून कसं कळणार? इमारतीचं संरक्षण आणि माणसाचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेपरमध्ये बरेच जण विसरतात.

२७ एप्रिलला तीस जण बाहेर आले. पोलिसांनी त्यांची विचारपूस केली आणि त्यांना लिबियाला रवाना केलं. त्याच दिवशी सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये इव्हॉन फ्लेचर यांचा अंत्यविधी होता. शवपेटीवर ती टोपी ठेवलेली होती.

जाताना त्यांच्या बॅगा तरी तपासायच्या!

डिप्लोमॅटिक बॅग, म्हणजे दूतावासाचे कागद आणि सरकारी सामान नेणारी सीलबंद बॅग, उघडता येत नाही आणि अडवूनही ठेवता येत नाही (कलम २७). ‘बॅग’ म्हणजे पिशवीच हवी असंही नाही, बाहेर खुणा आणि मोहर असलं की खोकंही चालतं. त्यामुळे सीलबंद बॅगा तशाच गेल्या. हत्यारं त्यांतूनच आली आणि त्यांतूनच गेली असावीत, असं तेव्हा उघड बोललं जात होतं.

याच्याशी ताडून बघा असं दुसरं प्रकरण त्याच उन्हाळ्यातलं. ५ जुलै १९८४ ला नायजेरियाचे माजी वाहतूकमंत्री उमारू डिको यांना लंडनमध्ये घराबाहेरून भर दिवसा उचललं, भूल दिली आणि लाकडी खोक्यात घालून स्टॅनस्टेड विमानतळावर आणलं. सोबत भूल देणारा डॉक्टर, तोही खोक्यात! दुसऱ्या खोक्यात आणखी दोघे. मालाच्या विमानाने सगळं लागोसला जायचं होतं. पण खोक्यांवर राजनैतिक मालाच्या रीतसर खुणा नव्हत्या, कागद अपुरे होते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी नायजेरियन उच्चायोगाच्या माणसासमोर खोकी उघडली आणि डिको बेशुद्ध पण जिवंत सापडले. कागदपत्रांच्या कंटाळवाण्या नियमांवर नाक मुरडणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगते.

ब्रिटनने नायजेरियाशी संबंध तोडले नाहीत. उच्चायोगातल्या दोघांना हाकललं आणि सल्लामसलतीसाठी मायदेशी बोलावलेल्या उच्चायुक्ताला परत पाठवू नका असं कळवलं. तोडायचं किती आणि ताणायचं किती, याचा अंदाज दोन प्रकरणं शेजारी ठेवली की येतो.

‘पर्सोना नॉन ग्राटा’ म्हणजे हद्दपारी का?

जवळजवळ, पण नेमकं तसं नाही. ‘हा माणूस आम्हाला नको’ एवढंच यजमान देश सांगतो आणि कारण देण्याचं बंधन त्याच्यावर नसतं (कलम ९). मग पाठवणाऱ्या देशाने त्याला परत बोलवायचं. बोलवलं नाही तर यजमान त्याला राजनैतिक अधिकारी मानणं थांबवतो, आणि मग साधा कायदा लागू होतो.

संबंध तुटले म्हणजे सगळंच बंद? आणि आपल्या माणसांचं कोण बघतं?

२२ एप्रिल १९८४ ला ब्रिटनने संबंध तोडल्याचं जाहीर केलं आणि २९ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत निघून जायला सांगितलं. दोन्हीकडचे राजनैतिक अधिकारी गेले. पण व्यापार, तेल आणि नोकऱ्या चालूच राहिल्या, माणसं राहिली, म्हणजे पासपोर्ट हरवणं, अटक होणं, मृत्यूचा दाखला हेही राहिलं.

यासाठी तिसऱ्या देशाला विनंती करतात. ट्रिपोलीत ब्रिटनचं काम इटलीच्या दूतावासाने पाहिलं, लंडनमध्ये लिबियाचं काम सौदी अरेबियाने. परक्याच्या छपराखाली आपलं एक ‘हितसंबंध कार्यालय’ चालतं. इतकी वाईट वेळ असतानाही निरोप पोचत राहतो. १९८४ मध्येच लिबियात काही ब्रिटिश नागरिकांना पकडून ठेवलं होतं. त्यांतल्या चौघांना फेब्रुवारी १९८५ मध्ये सोडवून आणलं ते टेरी वेट यांनी, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपच्या दूताने. सरकारी दार बंद असलं की अशी बाजूची दारं कामाला येतात.

हे आपल्याला परकं नाही. गोव्याच्या प्रश्नावरून १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध तुटले, तेव्हा लिस्बनमध्ये भारताचं काम इजिप्त पाहायचा आणि दिल्लीत पोर्तुगालचं ब्राझील. संबंध पुन्हा जुळायला १९७४ चा डिसेंबर उजाडला.

मग नंतर पोलीस इमारतीत गेलेच ना? ते कसं चाललं?

गेले, पण मुदत संपल्यावर. ३० एप्रिलला, सौदी अधिकाऱ्याच्या उपस्थितीत. आत हत्यारं आणि दारूगोळा सापडला. संबंध तुटल्यावरही यजमानाने इमारतीचा ‘मान राखून रक्षण’ करायचं असं कलम ४५ म्हणतं. ब्रिटनने त्याचा अर्थ असा लावला की मान राखणं वेगळं आणि कधीच आत न शिरणं वेगळं. हा अर्थ सगळ्यांना पटतो असं नाही.

संसदेत बराच खल झाला. करारच बदलावा असं अनेकांना वाटत होतं, पण सरकारने ते नाकारलं. जगभर आपल्या अधिकाऱ्यांना जे संरक्षण मिळतं ते सैल व्हायला नको होतं. त्याऐवजी १९८७ मध्ये एक कायदा आला. कोणत्या इमारतीला दूतावासाचा दर्जा द्यायचा आणि तो कधी काढून घ्यायचा, याचा अधिकार त्याने परराष्ट्रमंत्र्यांना दिला. जून २०१२ मध्ये विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज लंडनमधल्या एक्वादोरच्या दूतावासात जाऊन बसला, तेव्हा ऑगस्टमध्ये ब्रिटनने याच कायद्याची आठवण करून देऊन स्वतःवर टीका ओढवून घेतली. तो वापरला मात्र नाही.

संबंध परत जुळले कसे?

पंधरा वर्षांनी. मध्ये १९८६ चे अमेरिकी हवाई हल्ले येतात, ज्यांतली काही विमानं ब्रिटनमधल्या तळांवरून उडाली. मध्येच २१ डिसेंबर १९८८ चं लॉकरबी येतं, म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्या गावावर बॉम्बने उडवलेलं प्रवासी विमान, २७० मृत्यू. मग संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध. एप्रिल १९९९ मध्ये लिबियाने लॉकरबीचे दोन संशयित नेदरलँड्समधल्या स्कॉटिश न्यायालयाच्या हवाली केले. जुलै १९९९ मध्ये फ्लेचर यांच्या हत्येची ‘सर्वसाधारण जबाबदारी’ मान्य केली आणि पुढे कुटुंबाला अडीच लाख पौंड भरपाई दिली. त्याच जुलैत संबंध जुळले. मार्च २००४ मध्ये टोनी ब्लेअर ट्रिपोलीजवळच्या तंबूत गद्दाफीला भेटले.

‘सर्वसाधारण जबाबदारी’ या दोन शब्दांवर किती आठवडे घासाघीस झाली असेल, याचा विचार करा. गोळी कोणी झाडली हे त्यात कुठेच नाही.

गोळी झाडणाऱ्याला शिक्षा झाली का?

नाही. २०१५ मध्ये एका लिबियन माणसाला ब्रिटनमध्ये अटक झाली. पण पुरावे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव न्यायालयात मांडता येत नाहीत म्हणून २०१७ मध्ये फौजदारी बाजू सोडून द्यावी लागली. त्या दिवशी इव्हॉनच्या शेजारी ड्युटीवर असलेल्या एका निवृत्त पोलिसाने मग दिवाणी दावा लावला, मागणी नाममात्र एका पौंडाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो माणूस या हत्येला संयुक्तपणे जबाबदार असल्याचा निकाल दिला. बंदूक त्याच्या हातात होती असं कोणी म्हटलं नव्हतं. कटात सामील होता, एवढं पुरेसं ठरलं.

२०११ मध्ये एकाच देशाची दोन सरकारं होती. दूतावास कोणाचा मानायचा?

फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियात गद्दाफीविरुद्ध उठाव पेटला आणि ब्रिटनने ट्रिपोलीतला दूतावास तात्पुरता बंद केला. मार्चच्या सुरुवातीला बंडखोरांशी बोलणी करायला निघालेलं एक ब्रिटिश पथक, त्यात विशेष दलाचे सैनिकही, रात्री हेलिकॉप्टरने बेनगाझीजवळ उतरलं आणि बंडखोरांच्याच हाती लागलं! सुटका होऊन ते नौदलाच्या ‘कंबरलँड’ जहाजातून परतले. न सांगता मागच्या दाराने जाणारा पाहुणा चोरच वाटणार.

नाटोच्या हल्ल्यात गद्दाफीचा मुलगा मारला गेल्याची बातमी आली, त्यानंतर १ मे रोजी जमावाने ट्रिपोलीतलं ब्रिटिश राजदूताचं निवासस्थान जाळलं. लंडनने लिबियाच्या राजदूताला २४ तास दिले. पुण्यातल्या वाचकाला इथे संगमावरची रेसिडेन्सी आठवेल. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई सुरू झाली, पेशव्यांच्या दरबारातला ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टन छावणीकडे निघून गेला आणि मागे रेसिडेन्सी लुटून जाळली गेली. दूताचं घर हे पाठवणाऱ्या राजाचं सर्वांत जवळचं, हाताला लागणारं अंग असतं. राग तिथे निघतो.

२७ जुलैला ब्रिटनने बंडखोरांच्या राष्ट्रीय संक्रमण परिषदेला लिबियाची एकमेव सत्ता मानलं, गद्दाफीच्या उरलेल्या कर्मचाऱ्यांना जायला सांगितलं आणि परिषदेला दूत पाठवण्याचं निमंत्रण दिलं. अशा वेळी मान्यता सरकारला असते. देश तोच राहतो. फक्त त्याच्या वतीने बोलायचा अधिकार दुसऱ्याकडे जातो.

उठाव पेटला तेव्हा, फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये, भारतानेही लिबियातून १५ हजारांहून जास्त नागरिक बाहेर काढले. दूतावास चालू असण्याची किंमत त्या बंदरांवर रांगेत उभ्या असलेल्यांना विचारावी.

आता काय स्थिती आहे?

ऑक्टोबर २०११ मध्ये ट्रिपोलीतला ब्रिटिश दूतावास पुन्हा उघडला. जून २०१२ मध्ये बेनगाझीत राजदूताच्या ताफ्यावर रॉकेट डागलं गेलं, दोन अंगरक्षक जखमी झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये ट्रिपोलीतली लढाई इतकी वाढली की दूतावासाचं काम शेजारच्या ट्युनिसहून चालवायची वेळ आली. याला संबंध तुटणं म्हणत नाहीत. राजदूत लिबियासाठी नेमलेलाच, बसायची जागा दुसऱ्या देशात. जून २०२२ मध्ये दूतावास ट्रिपोलीत परतला.

मूसा कूसा हे नाव नोट्समध्ये दोनदा का येतं?

१९८० मध्ये तो लंडनच्या पीपल्स ब्युरोचा प्रमुख होता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या विरोधकांना ठार मारण्याचं समर्थन त्याने एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत केलं, आणि जूनमध्ये त्याला हाकललं गेलं. त्या आधी एप्रिलमध्येच लंडनमध्ये दोन लिबियन विरोधकांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. पुढे तो गद्दाफीचा गुप्तचर प्रमुख झाला, मग परराष्ट्रमंत्री.

३० मार्च २०११ ला तो ट्युनिशियाहून खासगी विमानाने लंडनजवळच्या फार्नबरोला उतरला आणि मी राजीनामा दिलाय म्हणाला. त्याला कायद्यापासून कसलंही संरक्षण देऊ केलेलं नाही, असं परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी जाहीर केलं. पोलिसांनी लॉकरबीबद्दल विचारपूस केली. दोन आठवड्यांत तो कतारला निघून गेला. या वेळी त्याला कोणी हाकललं नव्हतं.